नसलेलं बेट

माहितीपट रोजच्या वापरातल्या प्लॅस्टिकवर होता आणि त्याची सुरुवात पक्की झाली होती. फ्रेमभर पसरलेला तरंगता कचरा, त्यावर निवेदन : ‘पॅसिफिक महासागरात कचऱ्याचं एक बेट आहे.’ शॉट विकत घेतलेला. रफ कट पाहताना त्या जागी सगळे गप्प व्हायचे. संकलकाला आणखी काय हवं?

त्या दिवशी कलर करेक्शनसाठी सावल्या उजळल्या, तर वरच्या कोपऱ्यात काँक्रीटची कड उमटली. बंदराचा धक्का!

“क्रॉप कर की,” दिग्दर्शिका म्हणाली.

क्रॉप काय, चुटकीसरशी झाला असता. पण पर्यावरणावरच्या फिल्ममध्ये पहिलीच फ्रेम खोटी निघाली तर पुढचं खरंही कोणी ऐकत नाही. म्हणून खरा शॉट शोधायला बसलो, आणि पंचाईत झाली. असा शॉट असणं शक्यच नव्हतं. नौकानयन करणारे चार्ल्स मूर यांनी १९९७ मध्ये हवाईहून कॅलिफोर्नियाला परतताना पॅसिफिकमधला हा कचऱ्याचा पट्टा पाहिला. त्यानंतर तिथे गेलेल्यांच्या फुटेजमध्ये दिसतं ते निळं पाणी, मधूनच एखादं झाकण, एखादा क्रेट, जाळ्यांचा गुंता. २०१८ च्या अभ्यासातले आकडे आमच्याच स्क्रिप्टमध्ये होते : सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर, ७९ हजार टन, १.८ लाख कोटी तुकडे. ऐकायला दणदणीत. दिग्दर्शिकेने वैतागून भागाकार केला. सरासरी चौरस किलोमीटरला पन्नास किलोसुद्धा भरेना. चौरस मीटरला जेमतेम एक तुकडा, आणि संख्येने बहुतेक तुकडे पाच मिलिमीटरहून लहान. म्हणजे ड्रोन उडवला तरी दिसणार पाणीच.

“मग लोकांना दाखवायचं काय? पाणी?”

तिची चिडचिड मला पटत होती. न दिसणारी गोष्ट दाखवणं हाच तर आमचा धंदा, आणि नेमकी तीच जमत नव्हती.

त्यात त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा आडवा आला : वजनाने ४६ टक्के कचरा मासेमारीच्या जाळ्यांचा. आमचं निवेदन मात्र ‘तुमची स्ट्रॉ, तुमची पिशवी’ करत प्रेक्षकावर बोट रोखून होतं. सहायक इतका वेळ हार्ड डिस्क लावत बसला होता. तो म्हणाला, “पण जाळी तरी कोणासाठी टाकतात? मासे खातं कोण?” अख्ख्या स्क्रिप्टमध्ये हा प्रश्न कुठेच नव्हता. स्ट्रॉ नाकारणं सोपं असतं म्हणूनच बहुधा अशा फिल्म स्ट्रॉपाशी थांबतात.

शेवटी बाजूला टाकलेल्या फुटेजमधून एक शॉट काढला. बारीक जाळीतून गाळलेलं समुद्राचं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात, आणि एक संशोधक चिमट्याने कण वेगळे करत मोजत राहते. संगीत काढलं. दिग्दर्शिकेला तो पंधरा सेकंदांचा हवा होता, मला चाळीस. तिशीवर तडजोड झाली. जाळ्यांचं वाक्य निवेदनात घातलं, पिशवी ठेवली, स्ट्रॉ उडवली.

मग निर्मात्याला फोन लावणं भाग होतं. ट्रेलर बाहेर पडला होता, आणि त्यात ते बेट होतं.