ग्रंथसंग्रह ॲप: लॉगिन आणि मेन विंडोची फारकत

मंडळी, ग्रंथसंग्रहाच्या नोंदी ठेवणाऱ्या माझ्या डेस्कटॉप ॲपचं या टप्प्यातलं काम पडद्यावर जवळजवळ दिसत नाही. लॉगिनची विंडो तीच आहे, मेन विंडोही तीच. बदललंय ते दोघींमधलं नातं. आता लॉगिनला मेन विंडोचा पत्ता नाही आणि मेनला लॉगिनचा. कोणती विंडो कधी उघडायची आणि ॲप कधी संपवायचं, हे दोघींच्या वर बसलेला ॲप क्लास ठरवतो. माझं ॲप सी शार्प भाषेत आणि डब्ल्यूपीएफ या विंडो बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीत आहे, त्यामुळे नावं तिथली येतील, पण विन्डोज फॉर्म्स किंवा क्यूटी या तशाच चौकटी वापरणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो.

सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत अशी: लॉगिनच्या बटणावर क्लिक झालं की तिथेच मेन विंडो तयार करायची, दाखवायची आणि लॉगिन विंडो हाइड करायची, म्हणजे नुसती लपवायची. चार ओळींत काम होतं. पण हाइड केलेली विंडो गेलेली नसते. डब्ल्यूपीएफ आपल्या विंडोंच्या यादीत लपलेल्या विंडोही धरतं. वापरणारा मेन विंडो बंद करून निघून जातो, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस तशीच चालू राहते, डेटाबेसची फाइल धरून. विन्डोज फॉर्म्समध्ये कारण थोडं वेगळं असतं: ॲप्लिकेशन डॉट रनला जो फॉर्म दिला, तो बंद होईपर्यंत मेसेज लूप (क्लिक, कळा वगैरे हाताळत राहणारं ॲपचं चक्र) थांबत नाही, आणि तो फॉर्म तर लपून बसलेला असतो. परिणाम तोच.

बरं, हाइडऐवजी क्लोज करावं, तर डब्ल्यूपीएफमध्ये दुसरंच टोक गाठलं जातं. शटडाउनमोड या प्रॉपर्टीची मूळ किंमत ऑनलास्टविंडोक्लोज असते, म्हणजे शेवटची विंडो बंद झाली की ॲप बंद. लॉगिन डायलॉग म्हणून दाखवला, पासवर्ड बरोबर निघाला, डायलॉग बंद झाला. त्या क्षणी दुसरी एकही विंडो नसते. डब्ल्यूपीएफच्या दृष्टीने काम संपलेलं असतं आणि ते ॲप गुंडाळायला घेतं. पुढच्या ओळीतली मेन विंडो वापरायला मिळतच नाही. लॉगिन यशस्वी झाल्यावर ॲप गुपचूप बंद पडतं, असं कुणी विचारलं की मी आधी ही प्रॉपर्टी बघायला सांगतो.

म्हणून झॅमलमधला (डब्ल्यूपीएफची मांडणी लिहायच्या फाइलमधला) स्टार्टअपयूआरआय, म्हणजे आधी कोणती विंडो उघडायची ते सांगणारी नोंद, काढून टाकला आणि सुरुवात ऑनस्टार्टअप मेथडमध्ये आणली. तिथली पहिलीच ओळ शटडाउनमोडला ऑनएक्सप्लिसिटशटडाउन करते. आता मी सांगेपर्यंत ॲप आपणहून बंद होत नाही. मग लॉगिन शोडायलॉगने (डायलॉग बंद होईपर्यंत हा पुढचा कोड थांबवतो) उघडतो आणि डायलॉगरिझल्ट ट्रू आला तरच पुढे जातो, नाहीतर तिथेच शटडाउन. मेन विंडो तयार झाली की ॲपची मेनविंडो प्रॉपर्टी मी स्वतः नेमतो. ही ओळ फालतू वाटेल, पण ठेवाच. डब्ल्यूपीएफ पहिल्यांदा तयार झालेल्या विंडोलाच मेनविंडो समजतं, आणि इथे पहिली येते ती लॉगिन. पुढे एखाद्या छोट्या डायलॉगला ओनर, म्हणजे मालक विंडो, म्हणून हीच प्रॉपर्टी दिलेली असते. तिथे भलतीच विंडो किंवा नल (म्हणजे काहीच नाही) मिळाला की डायलॉग मेन विंडोच्या मागे जाऊन बसतो आणि ॲप अडकल्यासारखं दिसतं.

या बदलातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे सेशन नावाचा छोटा क्लास. लॉगिन यशस्वी झालं की तो तयार होतो: कोण आलंय, त्याला काय करायची परवानगी आहे, कधी आलं, एवढंच त्यात. मेन विंडोच्या कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ती तयार करणाऱ्या मेथडला, हा सेशन द्यावाच लागतो. त्यामुळे लॉगिनशिवाय मेन विंडो उघडणारा कोड चुकूनही लिहिला तर तो कंपाइलच होत नाही. पूर्वी हीच माहिती अख्ख्या ॲपला सामाईक अशा एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये असायची आणि प्रत्येक पानावर ती नल आहे का हे तपासावं लागायचं. ते सगळे इफ आता गेले.

खरी गंमत लॉगआउटमध्ये आहे. मेन विंडो दोन कारणांनी बंद होते: माणसाला ॲपमधून बाहेर पडायचं असतं, किंवा दुसऱ्या कुणाला लॉगिन करू द्यायचं असतं. दोन्हीकडे क्लोजच बोलावला जातो. म्हणून मेन विंडोत निघण्याचं कारण ठेवणारी एक प्रॉपर्टी केली. मूळ किंमत ‘बाहेर’. मेनूतून लॉगआउट निवडलं तरच ती ‘लॉगआउट’ होते. ॲप क्लास मेन विंडोचा क्लोज्ड इव्हेंट (विंडो बंद झाल्याची सूचना) ऐकतो, कारण वाचतो, आणि एकतर शटडाउन करतो किंवा जुना सेशन टाकून देऊन नवी लॉगिन विंडो उघडतो. नवीच का? तर डब्ल्यूपीएफमध्ये एकदा बंद केलेली विंडो पुन्हा दाखवता येत नाही, सरळ एक्सेप्शन (चालता कोड तोडणारी चूक) येतो. आणि तेच बरं आहे, कारण आधीच्या माणसाने टाइप केलेलं काहीही मागे उरत नाही.

यात एक बारीक खाच आहे. समजा, माणसाने लॉगआउट दाबलं. एक नोंद अर्धवट आहे, म्हणून क्लोजिंग इव्हेंटमध्ये, म्हणजे विंडो बंद होण्याच्या आधी, आपण विचारतो, जतन करायची का? तो ‘रद्द’ म्हणतो आणि काम चालू ठेवतो. कारण मात्र ‘लॉगआउट’वरच अडकलेलं असतं. तासाभराने तो कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करतो आणि ॲप बंद होण्याऐवजी समोर लॉगिन येऊन उभं राहतं. उपाय एका ओळीचा: क्लोजिंगमध्ये कॅन्सल ट्रू केलं की त्याच जागी कारण पुन्हा ‘बाहेर’ करायचं. ही ओळ दुसरीकडे कुठेही ठेवू नका, नाहीतर रद्द करण्याची एखादी वाट सुटतेच.

मेनूतल्या ‘बाहेर पडा’ला थेट शटडाउन जोडायचा मोह होतो. मी तिथेही मेन विंडोचा क्लोजच बोलावतो. शटडाउन बोलावला तरी क्लोजिंग इव्हेंट येतो, पण तिथे कॅन्सल केलेलं मानलं जात नाही. म्हणजे ‘जतन करायची का’ हा प्रश्न विचारला जाईल, माणूस ‘रद्द’ म्हणेल, आणि ॲप तरीही बंद होईल. विचारून न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

आता लॉगिन विंडोच्या आत. पासवर्ड पीबीकेडीएफ२ने तपासतो, एसएचए-२५६ घेऊन ६,००,००० फेऱ्या; म्हणजे पासवर्डवरून उलटा काढता न येणारा हॅश बनवून तो जुळवायचा. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेची पीबीकेडीएफ२साठी शिफारस तीच आहे. हे हॅशिंग मुद्दामच संथ असतं, आणि ते यूआय थ्रेडवर (पडदा हाताळणाऱ्या कामाच्या ओळीवर) चालवलं तर विंडो तेवढा वेळ गोठते. म्हणून ते वेगळ्या थ्रेडवर काम चालवणाऱ्या टास्क डॉट रनमध्ये नेलं आणि तेवढ्यापुरतं बटण बंद ठेवलं. पण बटण बंद असलं तरी एस्केप चालू असतो. तपासणी चालू असताना माणसाने एस्केप दाबला, विंडो बंद झाली, आणि नंतर उत्तर आलं की पासवर्ड बरोबर. आता बंद झालेल्या विंडोवर डायलॉगरिझल्ट लिहायला गेलं की इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन ठरलेला. त्यासाठी विंडो बंद होताना कॅन्सलेशन टोकन (काम रद्द झालं का ते सांगणारी खूण) रद्द करतो, आणि उत्तर आल्यावर आधी टोकन पाहतो, मगच रिझल्ट लिहितो. माणसाने रद्द केलं असेल तर पासवर्ड बरोबर असला तरी त्याला आत ढकलायचं नाही.

पासवर्डबॉक्सची पासवर्ड प्रॉपर्टी बाइंड होत नाही, म्हणजे डेटाशी आपोआप जोडता येत नाही. त्यासाठी जोडणीचे बरेच प्रकार सापडतात; मी कोड-बिहाइंडमध्ये दोन ओळी लिहून मोकळा झालो. पडदा आणि त्यामागचा डेटा वेगळा ठेवणारी एमव्हीव्हीएम पद्धत पाळणाऱ्यांना हे खटकेल, पण पासवर्ड व्ह्यूमॉडेलमध्ये (पडद्यामागचा डेटा ठेवणाऱ्या क्लासमध्ये) स्ट्रिंग म्हणून रेंगाळत ठेवण्यापेक्षा मला हे पटतं.

लॉगआउट आणि लॉगिन पुन्हा पुन्हा करून व्हिज्युअल स्टुडिओत मेमरीचे स्नॅपशॉट घेतले, तर बंद झालेल्या मेन विंडो मेमरीत साचत होत्या. शोध डिस्पॅचरटाइमरपर्यंत गेला. स्टेटस बारवरची वेळ तो बदलतो. चालू टाइमरला डिस्पॅचर (यूआय थ्रेडची कामं रांगेत लावणारा) धरून ठेवतो, टाइमर आपल्या हँडलरला, आणि हँडलर अख्ख्या विंडोला. न लागणारी मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर तिथे काही करू शकत नाही. क्लोज्डमध्ये टाइमर थांबवला आणि स्टॅटिक इव्हेंटची नोंदणीही तिथेच काढली. त्यानंतरच्या स्नॅपशॉटमध्ये एकच मेन विंडो उरली. एकदाच लॉगिन होणाऱ्या ॲपमध्ये ही गळती कधी कळणारही नाही, पण एका मशीनवर दिवसभर माणसं बदलत असतील तर ती वाढतच जाते.

लॉगिन आहे म्हणजे डेटा सुरक्षित आहे असं मात्र समजू नका. डेटाबेसची फाइल डिस्कवर उघडी असेल तर ती दुसऱ्या कुठल्याही साधनाने वाचता येते. माझी एसक्यूलाइटची फाइल अजून एन्क्रिप्ट केलेली नाही. ते काम स्वतंत्रपणे घेणार आहे.

त्याआधी मात्र स्क्रीन लॉक. लॉक आणि लॉगआउट मी वेगळे धरतोय: लॉकमध्ये सेशन आणि अर्धवट नोंद जशीच्या तशी राहिली पाहिजे, फक्त पासवर्ड मागितला पाहिजे. मेन विंडो हाइड करून हे भागणार नाही, कारण तिच्या मालकीचे उघडे डायलॉग तिच्यासोबत लपतीलच याची खात्री धरता येत नाही, आणि नेमकी त्यांच्यातच वाचण्यासारखी माहिती असते. सध्या ॲपच्या विंडोंची यादी फिरून दिसणारी प्रत्येक विंडो टिपून ठेवायची, लपवायची आणि अनलॉक झाल्यावर त्याच क्रमाने परत आणायची, असं करून बघतोय. साध्या विंडोंना हे नीट चालतं. शोडायलॉगने उघडलेली विंडो हाइड केली की तिचा शोडायलॉग तिथेच परत येतो आणि बोलावणारा कोड पुढे सरकतो, म्हणून अशा डायलॉगना न लपवता त्यांच्यावर झाकण घालायचा एक थर लिहायला घेतलाय. कुणी मोडल (बाकी विंडो अडवून धरणारा) डायलॉग उघडा असताना लॉक बसवला असेल तर वाट कोणती घेतली ते जरूर कळवा.