आरती म्हणतात, मग पाणी का मागत नाहीत?

कोल्हापुरात स्ट्रोकनंतर बोलणं अडलेल्या रुग्णांची स्पीच थेरपी करताना घरच्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, अण्णा सकाळी अंबाबाईची आरती अख्खी म्हणत्यात. राग आला की शिवी बी देत्यात. मग साधं पाणी मागाय का येईना? मुद्दाम करत्यात का?"

मुद्दाम अजिबात नाही. हे मी ठासून सांगते, कारण एकदा घरात 'नाटक करतायत' असं ठरलं की त्यांच्याशी बोलणंच कमी होतं, आणि नेमकं तेच त्यांना परवडणारं नसतं.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. स्ट्रोकमध्ये तिथला रक्तपुरवठा तुटला की हवा तो शब्द शोधून वाक्य जुळवायचं काम अडतं. याला वाचाघात म्हणतात. आरती, उजळणी, शिव्या मात्र वर्षानुवर्षं घोटलेल्या. तिथं शब्द शोधावा लागत नाही, एकामागं दुसरा येतो, आणि त्यात उजव्या मेंदूचाही हातभार असतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला लबॉर्न नावाचा रुग्ण कशालाही 'तां तां' एवढंच उत्तर द्यायचा, पण चिडला की तोंडातून शिवी स्पष्ट यायची.

हे घोटलेलं बोलणंच आम्ही हाताशी धरतो. गुळाच्या व्यापारात आयुष्य गेलेले एक काका माझ्याकडे यायचे. "नातवंडं किती?" विचारलं की ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. मोजायला लावलं की दहापर्यंत सुसाट. मग मी त्यांच्याबरोबर मोजू लागले आणि तीन म्हटल्याबरोबर हात आडवा धरला. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. शेवटी मी नुसता प्रश्न विचारला. काका एक, दोन पुटपुटले आणि तीनवर स्वतःच थांबले. माझ्याकडे बघून परत म्हणाले, "तीन." त्यांच्या सूनबाईंना रडूच आलं.

सुरुवातीच्या दिवसांत मेंदूची सूज उतरते, अर्धवट उपाशी राहिलेल्या भागाला रक्त मिळतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर दिसते. पुढचं काम संथ असतं. इजेच्या आसपासचा शाबूत भाग सरावानं ते काम उचलू लागतो. मार लहान असेल तर जास्त परत येतं, मोठा असेल तर कमी. पण 'सहा महिने झाले, आता संपलं' हे मला मुळीच मान्य नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या अभ्यासात सहा महिने उलटून गेलेले रुग्ण घेतले होते. आठवड्याला किमान दहा तास, असे तीन आठवडे थेरपी दिल्यावर त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. एवढे तास आपल्याकडे दवाखान्यात मिळणं अवघड, म्हणून घरच्यांनीच हात लावायला हवा.

पाणी हवंय हे दिसलं की तांब्या घेऊन समोर बसा, "पा…" म्हणा आणि थांबा. नाही आलं तर पाणी द्या, तहानलेलं ठेवून कुणाला बोलतं करायचं नसतं. "चहा की दूध?" असं विचारा, म्हणजे शब्द कानावर पडलेला असतो. बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवा: टीव्ही बंद, एका वेळी एकानंच बोलायचं, आणि तब्येतीचा प्रश्न अण्णांना विचारायचा, शेजारी बसलेल्या मुलाला नाही.