ओरखडा

मंगळवार, रात्री

सकाळी गाडी पुसताना मागच्या डाव्या दारावर ओरखडा सापडला. हातभर लांब, आत पांढऱ्या रंगाचे कण रुतलेले. कुठे घासली, कधी घासली, काही आठवेना. आठवणार तरी काय, घासल्याचं कळलंच नव्हतं. ओरखड्यापेक्षा हेच जास्त लागलं.

हिला विचारलं. "अहो, परवा वळताना खर्रकन वाजलं नव्हतं का? मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, खडा असेल."

मी ७१ वर्षांचा. चाळीस वर्षांत एकही अपघात नाही, हे मी इतक्यांना ऐकवलंय की माझं मलाच पाठ झालंय. खोटं नाही ते. पण त्यातून उद्या मी कशी चालवीन हे कुठे कळतं?

मागे डॉक्टरांनी काचबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं होतं. मला वाटायचं, नजर जाते तिथे काळा डाग दिसत असेल. तसं नसतं म्हणे. गेलेल्या जागी मेंदू आजूबाजूचंच चित्र पसरून देतो आणि आपल्याला सगळं जागच्या जागी दिसतंय असं वाटतं. त्यापेक्षा डाग परवडला असता. शिवाय साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. रात्री समोरून दिवा आला की तो गेल्यावरही मला काही क्षण धड दिसत नाही, तेही बहुतेक वयामुळेच. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, तर दोन गाड्यांएवढं अंतर हातचं गेलं.

संध्याकाळी मित्राला बोलावून शेजारी बसवलं. त्याचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. त्याची गाडी हातानेच चालते, स्टिअरिंगजवळचा दांडा पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. त्याला चालकाच्या जागेवर बघून लोक दचकतात. मला बघून कुणी दचकत नाही, आणि घोळ तिथेच आहे. आपल्याला काय जमत नाही हे त्याला पन्नास वर्षं माहीत आहे, त्याने त्याची सोय करून ठेवलीय. माझं काय काय गेलंय, हे मला दारावर वाचायला मिळतं.

गाडी मागे घेत होतो. तो म्हणाला, "मान वळव."

"वळवली की."

"नाही वळवलीस. डोळे वळवलेस."

थांबून पुन्हा वळवून पाहिली. खांद्यापर्यंतही जाईना. आणि मी इतके दिवस समजत होतो, मागे बघतोय!

मुलाचं तर एकच पालुपद आहे, "बाबा, चावी द्या." तेवढ्यावरून दोन महिन्यांपूर्वी भांडलो होतो. चावी दिली की प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याच्या वेळेने जायचं, हे त्याला एवढ्यात कळणार नाही. पण ओरखड्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही, यावरून मी काय ते ओळखायला हवं.

रात्रीचं चालवणं आजपासून बंद. हिच्यासमोर बोललोय, तेव्हा फिरवता येणार नाही. दिवसाचं काय ते उद्या ११ वाजताच्या तपासणीनंतर. तिथे बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात, त्यामुळे येताना गाडी चालवता येणार नाहीच.

जाताना चालवावी का, यावर अजून विचार चाललाय.