सातवा सेल गेलेला नव्हता
फोर्कलिफ्टची 48 व्होल्टची बॅटरी, म्हणजे 2 व्होल्टचे 24 सेल, ‘सातवा सेल गेलाय, बदला’ असा निरोप घेऊन आली. फुल चार्ज होऊनही त्या सेलची ग्रॅव्हिटी (आतला द्रव पाण्याच्या किती पट जड, म्हणजे त्यात ॲसिड किती, याचं माप) 1.215 च, बाकीचे 1.270 च्या आसपास. गाडी पूर्ण पाळी ओढत नव्हती.

बॅटरीचा माथा ओला होता. साधं पाणी एव्हाना वाळलं असतं; ॲसिड वाळत नाही. म्हणून काहीही पुसण्याआधी मी मल्टीमीटर लावला. एकूण 51 व्होल्ट. ट्रेचा, म्हणजे सेल ठेवलेल्या लोखंडी पेटीचा, रंग खरवडून पाहिलं, तर पॉझिटिव्ह ते ट्रे 15 आणि ट्रे ते निगेटिव्ह 36. सेलला सुमारे 2.12 धरले की 15 म्हणजे पॉझिटिव्हकडून सातवा. गळती तिथेच होती. असा ओला थर बॅटरी उभ्या उभ्या उतरवतो, ट्रे गंजवतो. शिवाय चेसिसशी आणखी कुठे संपर्क आला तर लोखंडातूनच शॉर्ट होतो.

अंगठी-घड्याळ काढून, फेसशील्ड, रबरी हातमोजे आणि ॲप्रन घालून धुलाई केली. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम खाण्याचा सोडा. सेलची झाकणं आधी घट्ट बसवायची, कारण सोडा आत गेला तर सेल खरंच खराब होईल. फेस यायचा थांबल्यावर स्वच्छ पाणी मारलं, माथा कोरडा केला. ट्रेवरचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आलं.

मग इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणारा जादा चार्ज, आणि तासातासाला ग्रॅव्हिटी. सलग तीन रीडिंग सारखी आली, सातवा 1.220 वर अडकला. पण चार्जच्या शेवटी त्याचं व्होल्टेज 2.58 होतं, इतरांचं 2.60. निकाल इथेच लागला. आतून शॉर्ट झालेला सेल इतका वर चढत नाही, उलट तापतो. प्लेटा धडधाकट होत्या, आतलं ॲसिड कमी झालं होतं.

गेलं कुठे? पाणी भरायच्या नळीवरचा त्या सेलचा फ्लोट (पातळी आली की पाणी बंद करणारा तरंगता भाग) अडकला होता आणि पाणी चार्जिंगच्या आधी भरलं जायचं. चार्ज होताना द्रव फुगतो, वायूचे बुडबुडे उठतात आणि काठोकाठ भरलेला सेल उतू जातो. बाहेर ॲसिड, त्याच्या जागी पुन्हा पाणी. हे महिनोन्‌महिने चाललं की ग्रॅव्हिटी घसरणारच. चार्जआधी प्लेटा उघड्या दिसल्या तरच त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घालावं. बाकीचं चार्ज झाल्यावर. आणि प्लग ओढण्याआधी चार्जर बंद हवाच! हवेत 4 टक्के हायड्रोजन जमला तरी एक ठिणगी पुरते.

फ्लोट बदलला. फुल चार्जवर सातव्या सेलमधला थोडा द्रव काढून 1.300 चं तयार ॲसिड घातलं (तीव्र ॲसिड कधीच नाही), मिसळण्यासाठी तासभर चार्ज दिला. असं काही वेळा केल्यावर ग्रॅव्हिटी 1.265.