तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीच्या तासाला सौरऊर्जा कशासाठी?

पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसाकडून मला एकच प्रश्न येतो. "मॅडम, तुम्ही इंग्रजी शिकवता की विज्ञान? पोरं घरोघर मोटरचे हॉर्सपॉवर विचारत फिरतात. व्याकरण कधी होणार?" आजवर मी "होतंय की" म्हणून वेळ मारून नेली. पण गेल्या वर्षी मुलांनी हे सगळं पालकांसमोर सादर केलं, त्या कार्यक्रमानंतर हा प्रश्न जास्तच टोकदार झालाय, म्हणून एकदा नीट लिहिते.

नववीच्या मुलांना मी गटागटानं आपल्या भागातली ऊर्जा अभ्यासून इंग्रजीत मांडायला लावते, आणि व्याकरण तिथेच होतं. आमची शाळा धुळे जिल्ह्यातल्या साक्री आणि शिंदखेडा तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. नववीतली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, काही भिल्ली. मराठी शाळेत आल्यावर पक्की होते आणि इंग्रजी त्यानंतर. या मुलांना मी 'माय फेव्हरेट हॉबी' लिहायला सांगितलं तर ती गाइडमधली हॉबी लिहितात. सुट्टीत कापूस वेचणाऱ्या मुलीनं स्टॅम्प कलेक्शनवर दहा ओळी लिहिल्या, त्या मी तपासल्या आहेत.

त्याच मुलीला ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्यांबद्दल विचारा. कोणत्या महिन्यात पाती जोरात फिरतात, हे तिला पाहून माहीत असतं: पावसाळ्यात. म्हणजे सौर पॅनलवर ढग असतात तेव्हाच. एवढ्यावर "व्हेन", "व्हाइल", "बट" आणि "मोअर दॅन" चार दिवस पुरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते, हे कळल्यावर तर वर्ग उठून बसतो. ते दुसऱ्या गटाला सांगायचं असतं, म्हणून इंग्रजी वाक्य जुळवावं लागतं.

साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा सौर प्रकल्प १२५ मेगावॉटचा, २०१३ पासूनचा. एका गटानं हिशेब मांडला: पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॉट. भर दुपारी प्रकल्प पूर्ण ताकदीनं चालला तर कागदावर तेहतीस हजारांवर मोटरी चालतील. हे 'इफ'चं वाक्य फळ्यावर लिहीत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बट माय फादर्स मोटर रन ॲट नाइट." का? "बिकॉज लाइट कम ॲट नाइट." क्रियापदांचे 'एस' राहिले, ते आम्ही नंतर लावले. पण सूर्य दिवसा आणि शेतीची लाइट पाळीनं रात्री, ही विसंगती त्यानं स्वतः पकडली होती. तिथून मुलं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेपर्यंत पोहोचली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच ती २०१७ साली आली. ते सगळं वाचन इंग्रजीतून झालं.

माझे नियम कडक आहेत, हेही सांगते. मोबाइल गटाला एकच. नेटवरची वाक्यं जशीच्या तशी चालत नाहीत. घरातल्या किंवा गावातल्या एका तरी माणसाला विचारून यायचं, त्यानं त्याच्या भाषेत जे सांगितलं ते इंग्रजीत मांडायचं. सादर करताना हातात कागद नाही, आणि ऐकणाऱ्यांनी तीन प्रश्न विचारल्याशिवाय गट खाली बसत नाही.

आता गेल्या वर्षीचं. सौरऊर्जेच्या गटात शिंदखेड्याकडची एक मुलगी होती. वर्गात फारसं न बोलणारी. तिच्या वाट्याला तोटे आले होते. नेटवर तोट्यांमध्ये एक ओळ हमखास असते, 'लार्ज लँड इज रिक्वायर्ड'. ती ओळ घेऊन ती आजोबांकडे गेली. ते जे बोलले ते तिनं वहीत अहिराणीतच उतरवून आणलं होतं: "आमनी जमीन गई. वीज कोठे जास, ते माले माहीत नही." त्याचं इंग्रजी करायला तिनं तीन तास घेतले. "वी गेव्ह" लिहायचं की "दे टुक", यावर ती आणि मी बराच वेळ बोललो. शेवटी तिनं "दे टुक" लिहिलं. निर्णय तिचा होता.

कार्यक्रमाला पालक होते, शेजारच्या शाळांचे शिक्षक होते, एक पाहुणे होते. ती उभी राहिली. फायदे सांगणारी मुलं आधी बोलून गेली होती, टाळ्या पडल्या होत्या. तिनं नेटवरची ती ओळ म्हटली, थांबली, आणि समोर बघून विचारलं, "हूज लँड?" मग आजोबांचं सांगितलं. मग विखरणच्या धर्मा पाटलांचं नाव घेतलं. वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे घालून जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि त्याच महिन्यात ते गेले, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिनं ते भूतकाळातल्या साध्या वाक्यांत सांगितलं. एकही क्रियापद चुकलं नाही.

पाहुण्यांनी हात वर करून तिला थांबवलं. म्हणाले, "बेटा, विषय ऊर्जेचा आहे, जमिनीचा नाही. आणि उच्चार सुधार." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हटलं, "सर, तिचं अजून पूर्ण झालेलं नाही." ते म्हणाले, "वेळ झाली." तिच्या हाताखालचा तक्ता पुढच्या गटानं उचलून बाजूला ठेवला. तिला तीन प्रश्न कुणी विचारले नाहीत. नियम माझाच होता आणि त्या दिवशी तो तिच्यासाठी पाळला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. "मॅडम, तिला इंग्रजी शिकवा. आमची केस अजून चालू आहे. चारचौघांत नाव व्हायला नको." या माणसाला मी काय सांगू? तो चुकत होता असं मला आजही म्हणता येत नाही.

मी नवीन होते तेव्हा 'नॉन-कन्व्हेन्शनल सोर्सेस ऑफ एनर्जी' हा निबंध पाठ करून घ्यायचे. मुलं पंधरा ओळी घडाघडा म्हणायची, मार्क पडायचे, पालक समाधानी. तेव्हाची ती मी आजच्या मला विचारते: तुझ्या या खटाटोपानं मार्क वाढले का? फार नाही. त्या मुलीला नाशिकला नर्सिंगला जायचंय, तिथे मार्क लागतील की "हूज लँड"? मार्क. मग? मग मी तिला सांगते की पंधरा ओळी म्हणणाऱ्या तुझ्या मुलांना बाहेरच्या माणसानं "व्हॉट इज युवर व्हिलेज फेमस फॉर" विचारलं तर ती गप्प व्हायची. ती म्हणते, आणि तुझी मुलगी बोलली तर तिला गप्प केलं. यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. पण माघार घ्यावी असंही मला वाटत नाही. त्या हॉलमध्ये दिवसभरात इंग्रजीतून एकच खरा प्रश्न विचारला गेला, आणि तो तिनं विचारला.

ती आता दहावीत आहे. तोंडी परीक्षेला तिनं सुरक्षित विषय घेतला, पाठ करून आली, चांगले मार्क मिळाले. मी काही बोलले नाही. परवा तिनं एवढंच विचारलं की जुना तक्ता शाळेत आहे का. आहे, स्टाफरूमच्या कपाटात. तिला हवा असेल तर नेऊ दे, असं मी शिपाईदादांना सांगून ठेवलंय.

यंदाच्या नववीलाही हाच विषय आहे. एका गटाला दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राशी तुलना करायची आहे, एकाला गोबरगॅस. व्याकरणाचं वेळापत्रक पालकांनी मागितलं, ते मी लावलंय: कोणत्या आठवड्यात कोणता काळ, कोणतं रूपांतर. पाहुणे बोलवायचे की नाही, यावर मुख्याध्यापक आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, या वर्षी वर्गातच घ्या. मला पालक समोर हवेत, आणि प्रत्येक गटाला तीन प्रश्न विचारले गेल्याशिवाय कुणी उठणार नाही, असं आधी लिहून हवंय.