तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळीतली गाणारी लेकरं टिकवायची कशी

लग्नाला, सभेला, बीडला नाहीतर परभणीला कुठंही गेलं की पंगतीत कोणीतरी शेजारी येऊन बसतंच आणि विचारतंच, ताई, तुमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, गाणारी पोरं टिकतात कशी, आमच्याकडं डिसेंबरात पंधरा-वीस जण जमतात, कॅरलला, म्हणजे नाताळची गाणी म्हणत, घरोघर हिंडतात, आणि जानेवारी उजाडला की पेटीवर एक काका आणि माईकपुढं पाळक साहेबांची (पास्टरांची) मुलगी एवढेच उरतात. मी जालन्याच्या बाजूला एका मंडळीत गायनाचं बघते, मंडळी काही फार मोठी नाही. हा प्रश्न लई जणांनी विचारलाय म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही लेकरांकडून कमी मागतो. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण खरंच तेवढंच आहे. महिन्यातले दोन रविवार, आठवड्याला एक सराव, आणि तेही चार महिन्यांपुरतं. चार महिने झाले की आम्ही प्रत्येकाला बाजूला बसवून विचारतो, पुढचे चार महिने जमतंय का, आणि तो नाही म्हणाला तर हात जोडून, मंडळीसमोर त्याच्यासाठी प्रार्थना करून त्याला मोकळं करतो. "ये रे, गायला लाग" एवढंच म्हणून घेतलेलं पोरगं एक दिवस न सांगता यायचं बंद होतं, कारण त्याला बिचाऱ्याला थांबायचं असलं तरी थांबायची सोयच कुणी ठेवलेली नसते. थांबलं की "देवाची सेवा सोडली" म्हणणार लोक. मग ते आधी सराव चुकवतं, मग फोन उचलत नाही, मग चर्चलाच येईना होतं, आणि आपण म्हणत बसतो की आजकालच्या पोरांत समर्पण राहिलं नाही.

पाळी लावणं म्हणजे भक्ती कमी झाली असं काही वडीलधाऱ्यांना वाटतं, त्यांना मी बायबलातल्या 1 इतिहास या पुस्तकाचा 25 वा अध्याय वाचायला सांगते. दावीद राजानं आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतले गाणारे-वाजवणारे नेमले, शिकून तयार झालेले 288 जण, आणि त्यांचे 24 वर्ग केले, एकेका वर्गात 12. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता. मंदिरात एवढी नीट वाटणी होती आणि आपण त्याच चौघांना वर्षाचे 52 रविवार, वर गुड फ्रायडेची तीन तासांची भक्ती, ईस्टरची पहाट, दर घरची प्रार्थना आणि प्रत्येक मयतीला उभं करतो, ते थकणार नाहीत तर काय होईल.

सुट्टीच्या रविवारी आमचा गाणारा आपल्या घरच्यांबरोबर बाकावर बसतो, हे आम्ही नियमानंच पाळतो. कुणाचं पोट दुखतंय, कुणी आलं नाही म्हणून त्याला आयत्या वेळी पुढं बोलवायचं नाही, चार ऐवजी तिघांनी गायचं. याचा फायदा असा होतो की बाकावरून त्याला ऐकू येतं मंडळी गातीय का नुसती बघतीय. पुढं उभं राहून ते कधीच कळत नाही, आपलाच आवाज समोरच्या मॉनिटर स्पीकरमधून कानात येत असतो.

आता मराठवाड्यात चार महिन्यांचा हिशेब कॅलेंडर बघून लावून चालत नाही, शिवार बघून लावावा लागतो. आमच्याकडं जून ते सप्टेंबर एक पाळी, ऑक्टोबर ते जानेवारी दुसरी, फेब्रुवारी ते मे तिसरी. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढणीला येतंय, त्याच्या मागोमाग कापसाची वेचणी, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना त्या पाळीत घेतच नाही, म्हणजे त्यांना खोटं कारण सांगायची वेळ येत नाही. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आगेमागे निघतात ती थेट मार्च-एप्रिलला परत येतात, त्यांची लेकरं जूनच्या पाळीला. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, मेडिकलची नीट परीक्षा मे महिन्यात आणि तीही बहुतेक रविवारी, मग त्या पाळीत विद्यार्थी नाहीत, नोकरीवाले आणि सुना-काकू जास्त. जी लातूरला किंवा संभाजीनगरला क्लाससाठी खोली करून राहतात ती सुट्टीत घरी आली की त्यांना एकदम पुढं उभं करायचा मोह होतो कारण आवाज चांगला असतो, पण आम्ही करत नाही, त्यांना आईजवळ बसू देतो.

सुनांचं मुद्दाम सांगते. माहेरच्या मंडळीत लहानपणापासून गाणारी मुलगी लग्न होऊन आपल्याकडं येते, आणि वर्षानुवर्षं कुणी तिला विचारतही नाही की ताई, तुम्ही माहेरी गात होता का. एकदा विचारून बघा. आमच्या टीममधले सगळ्यात पक्के सूर अशाच घरांतून निघाले. फक्त विचारून सोडून द्यायचं नाही, सरावाची वेळ तिच्या स्वयंपाकाच्या वेळेवर आली तर ती येणार कशी, तिचं लहान लेकरू कुणी धरायचं, सासूबाईंशी कोण बोलणार, हे सगळं टीमनं बघायचं. आमचा सराव शुक्रवारी संध्याकाळी असतो आणि अंधार पडायच्या आत संपतो, मुलींना घरी सोडायची जबाबदारी ठरलेली असते, आणि एखादी मोठी बाई हजर असल्याशिवाय सराव सुरू होत नाही. आई-बापांना हे माहीत झालं ना, की ते स्वतःच पाठवतात.

नवीन कुणी आलं की आम्ही ऑडिशन घेत नाही. सगळ्यांसमोर गायला लावून मग नको म्हणायचं, एवढ्याशा गावात ते पोरगं तोंड कुठं दाखवणार. सांगतो की तीन महिने सरावाला ये, मागं बस, आमच्याबरोबर गा, चटया उचलू लाग. तीन महिन्यांत दोन्ही कळतं, सूर लागतोय का आणि माणूस वेळेवर येतोय का. सूर लागत नसला तर तसं प्रेमानं आणि स्पष्ट सांगायचं, एकट्याला, घरी जाऊन चहा पीत पीत. मग त्यांतला कुणी साउंडचं शिकतो, कुणी स्क्रीनवर गाण्याच्या ओळी लावतो, एकजण वचन वाचायला लागला आणि त्याचं वाचन ऐकायला लोक आता लवकर येतात. चूक दाखवायची तीही अशीच तोंडावर, व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर फक्त गाण्यांची यादी, पट्टी (कुठल्या सुरावरून गायचं ते) आणि वेळ. मी बघितलंय, "काल कुणीतरी बेसूर होतं" एवढ्या एका मेसेजनं दोन घरं वर्षभर बोलत नव्हती.

गाणी कोणती हा दुसरा भांडणाचा विषय. वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतांच्या पुस्तकातली जुनी पदं पाहिजेत, पोरांना यूट्यूबवरची, त्यातही हिंदी. मी दोन्हीकडची आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक 1919 साली गेले, शंभर वर्षं उलटून गेली, तरी त्यांचं भजन धरलं की ज्या आजीला वाचता येत नाही ती पण टाळी धरून म्हणते, कारण ती चाल तिच्या कानातलीच आहे, अभंगाची, ओवीची. ते सोडून कसं चालेल. पण एकाच पदाची चाल जालन्यात वेगळी, नगरकडं वेगळी, आणि आपली चाल ज्यांना येते ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून पोरांना काम दिलंय, प्रत्येकानं एका आजी-आजोबांकडं जायचं, एक पद त्यांच्या चालीत शिकायचं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायचं. त्यातून पद तर राहिलंच, पण ती आजी आता रविवारी त्या पोराकडं बघून हसते आणि पोरगं नवीन गाणं घेऊन आलं तर तीच सगळ्यात आधी शिकते. बायबलात गणना 8 मध्ये लेव्यांबद्दल, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाबद्दल, सांगितलंय की पन्नाशी झाली की नेमलेलं काम थांबवायचं पण भावांना मदत करत राहायचं, आमचे जुने पेटीवाले काका तेच करायलेत, पोरगी पेटी वाजवते आणि काका शेजारी बसून भाता सांभाळायला शिकवतात.

नवीन गाणं महिन्याला एकच घेतो, आणि घेतलं की सलग चार रविवार म्हणतो. पाळक साहेब यादी मंगळवारी देतात, हे त्यांच्याकडून मागून घ्यावं लागलं, पण शनिवारी रात्री यादी आली तर सराव कशाचा करायचा. पट्टीचं बघत जा. रेकॉर्डिंगमधल्या गायकाची उंच पट्टी तशीच उचलली की मागच्या बाकावरची माणसं दुसऱ्या ओळीलाच गप्प होतात, कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतंय, दोन-तीन सूर खाली आणायचं, मंडळीचं तोंड उघडतं. स्पीकर माईकच्या पुढं, मंडळीकडं तोंड करून लावा, गाणाऱ्यांच्या मागं लावला की शिट्टी वाजणारच. आणि दर रविवारी एक पद बिनमाईकचं, पेटी, ढोलकी, टाळ एवढ्यावरच म्हणा, आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही आणि लाईट गेली म्हणून भक्ती अडायला नको.

सराव दीड तासाचा असतो, त्यातला पहिला अर्धा तास गाणं नाही. गोल बसायचं, आठवडा कसा गेला ते विचारायचं, प्रार्थना करायची. काहींना हा वेळ वाया वाटतो. पण विहिरीला पाणी नाही, बापाचं कर्ज आहे, नापास झालोय, स्थळ मोडलंय, हे कळतं कुठं, इथंच कळतं. एका पोराच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा टीममधल्या चौघांनी आळीपाळीनं रात्री काढल्या, गाण्याचं कुणी नावही काढलं नाही, आणि तो पोरगा आज पुढची पोरं घडवतोय. तुम्ही टिकण्याचं कारण विचारता ना, तर माझ्या मते ते या अर्ध्या तासात आहे, बाकीचं सगळं वेळापत्रक या अर्ध्या तासाला जागा व्हावी म्हणून आहे.

पैशाचंही विचारतात, वादकाला द्यावेत का. बाहेरून कुणी तबलजी बोलावला तर त्याला ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या, घासाघीस करू नका, ते त्याचं पोट आहे. आपली माणसं सेवा म्हणून वाजवतात, पण खेड्यावरून येणाऱ्या पोराचं एस.टी.चं भाडं, गिटारच्या तारा, तबल्याची नवी पुडी (वरचं कातडं), पेटीचं ट्युनिंग हे पोरांच्या खिशातून जाता कामा नये. कमिटीपुढं वर्षाचं बजेट येतं तेव्हा गायनासाठी एक वेगळी ओळ लिहून घ्या, रक्कम थोडी असली तरी चालेल, आणि खर्चाची वही टीममधल्याच एखाद्या लेकराकडं सोपवा.