नवा बल्ब आणि शेडनेटचा तुकडा

फोन आला तेव्हा मी सातपूरला एका कँटीनमधली गोल्डफिशची टाकी धूत होतो. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "तुम्ही परवा येऊन गेलात ना, तेव्हापासून टाकीतलं सगळं मिटून बसलंय. आणि एक तर चक्क पांढरं पडलंय!"

मॅडम दातांच्या डॉक्टर. कॉलेज रोडला क्लिनिक, आणि पेशंट बसतात तिथे चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी. नाशिकमध्ये अशी टाकी सांभाळणं म्हणजे हौसेला मोल नाही. आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट कालवून लिटरला ३५ ग्रॅमचा समुद्र आपणच तयार करायचा, आणि एप्रिल-मेमध्ये चिलरच्या जिवावर तो थंड ठेवायचा. मासे मोजकेच. बाकी सगळं सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेलं मऊ, जिवंत प्रवाळ : छत्रीसारखं एक मोठं टोडस्टूल लेदर, बटणांएवढ्या झोआंचे तीन गालिचे आणि खाली-वर विखुरलेली मशरूम (हेही कोरलच). दगडी कोरल मी ठेवत नाही, कुणी कितीही पैसे दाखवले तरी आणून देत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. तरी महिन्याला एखादा तरी विचारतोच.

परवा मी बल्ब बदलला होता. १५० वॉटचा मेटल हॅलाइड, १४,००० केल्विनचा. हे बल्ब एकदम उडत नाहीत, म्हातारे होतात. उजेड हळूहळू उतरतो, निळसर झाक पिवळ्याकडे सरकते आणि रोज बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वर्षभरात बदलायला हवा. इथे दीड वर्ष झालं होतं. थोडं मॅडमनी ढकललं, थोडं माझ्या आळसाने. नवा बल्ब अगदी नियमाने बसवला. बोटाचा तेलकटपणा लागला तर काच त्याच जागी तापून बिघडते, म्हणून कापडात धरला, स्पिरिटने पुसला. इथवर ठीक. मग "आलोच आहे तर" म्हणून बल्बखालची संरक्षक काच उतरवली. तिच्यावर मिठाचा पांढुरका थर बसला होता, तो व्हिनेगरने घासून काढला. आणि पुन्हा "आलोच आहे तर" म्हणून फिल्टरमधला जुना कार्बन, म्हणजे पाणी गाळणारा कोळसा, टाकून नवा भरला. टाकी अशी झळाळली की रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "नवीन टीव्ही आणला का दादा?" मी खूश. टायमर होता तसाच ठेवला, नऊ तासांवर.

दुपारी पोचलो. लेदरची टोपी पंजाएवढी, एरवी तिच्यावर कोरलची इवली तोंडं, म्हणजे पॉलिप, गवतासारखी डुलत असतात. आता एकही बाहेर नव्हता, वर मेणचट चकाकी. झोआ शर्टाच्या बटणांसारख्या मिटलेल्या. आणि वरच्या दगडावरचं मशरूम आकसून दह्याच्या कवडीसारखं पांढरं.

आधी पाण्यावर संशय घेतला. खारेपणा, अमोनिया, अल्कलिनिटी, तापमान, सगळं जागच्या जागी. मासे निवांत फिरत होते. मग गुडघ्यावर बसून काचेला नाक लावून बघितलं तेव्हा दिसलं : कपारीखालची मशरूम मस्त उघडी होती, बशीसारखी. एका दगडावर तर सावलीची रेघच उमटली होती. रेघेच्या अलीकडच्या झोआ उघड्या, पलीकडच्या मिटलेल्या. पाणी बिघडलं असतं तर ते सावली बघून बिघडलं नसतं.

कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडावर ते अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. तो तपकिरी रंग बहुतांशी त्या शैवालाचाच. उजेड कमी असला की शैवाल रंगद्रव्य वाढवून मिळेल तो कण वेचतं. माझी टाकी वर्ष-दीड वर्ष अशी वेचत बसलेली, आणि तिच्यावर मी एका दुपारीत बल्ब, काच आणि कार्बन अशा तिन्ही बाजूंनी उजेड ओतला. कार्बनचं लोकांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं. पाण्यात साठलेली पिवळी झाक तो ओढून घेतो आणि अडलेला निळा उजेड सरळ खाली पोचतो. झेपेना इतका उजेड मिळाला की शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल आपल्या भाडेकरूलाच बाहेर काढतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये प्रवाळ पांढरं पडलं ते समुद्र तापल्याने, पण शेवट हाच.

उजेड नेमका वाढला किती? आधी मोजला नव्हता, ही खरी चूक. नशिबाने जुना बल्ब अजून गाडीतच पडला होता. नवा विझवला, निवेपर्यंत थांबलो, जुना लावला आणि तो पूर्ण पेटेपर्यंत पुन्हा थांबलो.

या थांबण्यात मॅडमचे सासरे भेटले. पिंपळगावहून कवळी दाखवायला आले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कवळी हातात घेऊन शांतपणे ऐकलं, मग तोंडात बसवून म्हणाले, "आरे, म्हणजे शेडनेटमधलं रोप तू एकदम एप्रिलच्या उन्हात नेऊन लावलं. द्राक्षाच्या घडांना आम्ही पेपर गुंडाळतो तो काय शोभेला?"

"तसंच झालं, दादा."

"मग नेटच टाक की वरून. पन्नास टक्क्याचा तुकडा घरी पडलेला आहे, धाडतो उद्या."

मोबाइलच्या ॲपवर त्याच जागी जुन्याचा आकडा ११,००० लक्स (उजेडाचं माप) आला, नव्याचा १९,०००. कोरलला लागणारा उजेड लक्समध्ये नीट मोजता येत नाही, पण दोन बल्बांचा ढोबळ फरक कळायला पुरे. आणि हे दोन्ही आकडे घासलेल्या काचेखालचे, स्वच्छ पाण्यातले. परवाच्या आधीचा आकडा याहून किती खाली होता, ते त्या थराबरोबर बेसिनमध्ये वाहून गेलं.

दिवा वर उचलणं सगळ्यात सोपं, पण तो आधीच फॉल्स सीलिंगला टेकलेला. त्या रात्री जुना बल्बच राहू दिला. दुसऱ्या दिवशी नवा लावून टाकीवरच्या जाळीवर नेटचे दोन थर पसरले, म्हणजे साधारण पाव उजेड खाली. दिव्याला बांधायचं नाही, वितळतं. टायमर चार तासांवर आणला आणि दर तीन-चार दिवसांनी एकेक तास वाढवत गेलो. दहाव्या दिवशी एक थर काढला. पेशंट विचारायचे म्हणे, पाण्यात पण डास जातात का?

सहाव्या दिवशी लेदरने कात टाकली. दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा पाण्यात लोंबत होता, तो मी नळीने ओढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पॉलिप बाहेर. झोआंचा एक गालिचा निम्मा गेला. त्याचे पैसे मी बिलातून वजा केले, मॅडम नको म्हणत होत्या तरी.

एकविसाव्या दिवशी दुसरा थर काढायला गेलो. पांढऱ्या मशरूमवर मी फुली मारली होती. ते तसंच आकसलेलं होतं, पण कडेने तपकिरी रेघ धरली होती, बशीत चहाचा कप ठेवल्यावर उमटते तशी. नेटची घडी घातली आणि गाडीत जुन्या बल्बाशेजारी ठेवली.